काळ्या पोटाचा कोळी

आमच्या निसर्गप्रेमी मंडळात कोळ्यांबद्दल जास्त माहिती असणं धोक्याचं मानतात. नव्या माणसाला हे लगेच कळत नाही. तो उत्साहाने येतो, विजार मोज्यांत खोचतो, जाळं घेऊन हेदरच्या झुडपांतून झपाझप फिरतो, आणि कोणीतरी त्याला बाजूला घेऊन चहा पाजेपर्यंत चार-दोन कोळी बरोबर ओळखून बसतो.

त्याचं कारण असं. काउंटीचा कोळी-नोंदणीकार हे पद बिनपगारी आहे आणि ते सोडता येत नाही. नियमात राजीनाम्याला पूर्ण मुभा आहे, अडचण ती नाही. पण पद रिकामं राहिलं तर आमच्या माळांवर सापडलेल्या एकाही कोळ्याची नोंद वर कोणी खरी धरत नाही. आपल्यामुळे काउंटीभरचे कोळी बेवारस झाले, हे ओझं घेऊन आमच्या डॉर्सेट काउंटीत कोणाला पोस्टाच्या रांगेत उभं राहता येत नाही. कोणी काही बोलणार नाही. नुसतं हवेबद्दल बोलतील, पण नेहमीपेक्षा थोडं कमी.

तेव्हा उत्तराधिकारी मिळेपर्यंत थांबायचं. आणि उत्तराधिकारी ठरवण्याची आमच्याकडे एकच रीत आहे. जो चारचौघांत नोंदणीकाराची चूक दाखवेल, आणि ती खरंच चूक निघेल, तो पुढचा नोंदणीकार.

ही रीत तेव्हाचे नोंदणीकार कर्नल फार्करसन यांनी पाडली. एका वसंतात त्यांनी गॉर्सच्या काटेरी झुडपावरच्या एका उडी-कोळ्याला भलतंच नाव दिलं, आणि हेस्टर ट्रेव्हेट नावाच्या शाळामास्तरणीने ते सुधारलं. कर्नलनी तिचा हात हातात घेऊन दाबला, नमुन्यांनी भरलेली पोलादी कपाटं संध्याकाळच्या आत तिच्या जेवणघरात पोचवली, आणि पुढच्या महिन्यात ते वारले. दफनाला गेलेले लोक सांगतात, चेहरा इतका निश्चिंत होता की हेवा वाटावा. हेस्टर त्या दिवसापासून स्वयंपाकघरात उभ्याने जेवायची.

तेव्हापासून आमच्याकडे अज्ञान जपतात. आमचा चिटणीस डेन्झिल लेग भुंगेवाला आहे. प्रुडन्स बग्लर ही निवृत्त दातांची डॉक्टर, ती मधमाश्यावाली. मी टोळवाला. माळावर कोळी दिसला की डेन्झिल वाकून सशाच्या लेंड्या उलटसुलट करू लागतो, प्रुडन्स आभाळात मधमाशी शोधते आणि मी गवतात कान लावतो. खरं म्हणजे मी कित्येक वर्षं घरी दार लावून कोळी शिकत होतो. इतर पुरुष दार लावून जे काही करतात त्यापेक्षा माझ्या बायकोला ते बरं वाटायचं, पण फारसं नाही.

बायकोचं नाव वेरिटी. तिच्या मावशीने पार उत्तरेकडच्या ऑर्क्नी बेटांवरचं स्ट्रॉमनेसमधलं दगडी घर तिच्या नावे केलं होतं. खिडकीखाली समुद्र, आणि मैलोगणती एकही ओळखीचं माणूस नाही. आमचं इथलं घर भाड्याचं. आम्ही मालकाला कळवलं होतं, सामानाची गाडी ठरली होती, भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळून झाली होती. वेरिटीने सगळी तयारी एकटीने केली आणि माझ्याकडून एकच गोष्ट मागितली: निघेपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

"हा शेवटचा रविवार," सप्टेंबरअखेरच्या त्या सकाळी ती सँडविच बांधता बांधता म्हणाली. "अंड्याची आहेत. कोणी काही दाखवलं की एक तोंडात घाल. भरल्या तोंडाने माणूस हुशारी करत नाही."

"अगं, मी टोळवाला आहे."

"हेस्टरही फुलपाखरंवाली होती," वेरिटी म्हणाली.

पेडलर्स हीथ या माळावर आम्ही चौघं जमलो तेव्हा धुकं उठत होतं. प्रत्येक झुडपावर जाळं, प्रत्येक जाळ्यावर दव. अशा वेळी माळावरचे सगळे कोळी एकदम उघडे पडतात आणि आमच्या मंडळातल्या लोकांना कुठे पाहावं ते कळत नाही.

त्या दिवशी काम होतं दक्षिण उतारावर. माळाच्या मालक-मंडळींना तिथे मोटारी लावायला जागा करायची होती. कुत्री फिरवायला येणाऱ्यांची गैरसोय होत होती, आणि आमच्याकडे माणसाची गैरसोय सहन करतात, कुत्र्याची नाही. हरकत घ्यायला सोमवारपर्यंतच मुदत होती. हरकतीला दुर्मीळ काहीतरी लागतं. प्रुडन्सने उन्हाळाभर उतारावरच्या वाळूत बिळं करणाऱ्या हेदरच्या मधमाश्या दाखवल्या. वरून उत्तर आलं की मधमाश्या भरपूर आहेत आणि त्यांना पंख आहेत. डेन्झिलच्या शिंगवाल्या भुंग्यांना त्यांनी उत्तरही दिलं नाही. राहता राहिले कोळी. म्हणून हेस्टरने आदल्या संध्याकाळी उघड्या वाळूत प्लॅस्टिकचे कप जमिनीच्या पातळीला पुरून ठेवले होते. रात्री फिरणारं काहीही त्यात पडतं आणि गुळगुळीत भिंत चढून वर येऊ शकत नाही. साधी युक्ती आहे. पडलेल्याला आपण पडलो हे कळायलाही वेळ लागतो.

हेस्टर अठ्ठ्याहत्तरची आहे. गुडघ्यांखाली भाजीवाल्याकडून आणलेलं पोतं टाकून ती एकेका कपाशी बसे आणि आत काय आहे ते मोठ्याने सांगे. मुंग्या. गोम. मुंग्या. एक भुंगा, तो डेन्झिलने आनंदाने घेतला. पुन्हा मुंग्या.

मग एका कपाशी ती जरा जास्त वेळ बसली.

"लांडगा-कोळ्यांपैकी आहे," ती म्हणाली. "मोठी मादी."

आम्ही तिघं तीन दिशांना पाहू लागलो.

हेस्टरने तिला पारदर्शक नळीत घेतलं. या नळीला तळाशी स्पंजचा दट्ट्या असतो. तो हळूच वर सारला की कोळी झाकणाला टेकतो, हलत नाही, आणि त्याला इजा न करता पारदर्शक झाकणातून पोट भिंगाने पाहता येतं. नाव सगळं तिथे लिहिलेलं असतं. पाठ फसवी असते, पोट नाही. हेस्टरने भिंग लावलं, डोळा बारीक केला आणि नळी बाजूला केली.

"साधा कोल्हा-कोळी. माळावर पैशाला पासरी. बघा." आणि नळी प्रुडन्सच्या हातात दिली.

प्रुडन्सने जन्मभर लोकांच्या दाढांच्या मागच्या बाजूंत डोकावून पाहिलेलं. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने नळीकडे इतका कमी वेळ पाहिलं की तिला सगळं दिसलं हे माझ्या लक्षात आलं. "किती पाय आहेत, नाही?" ती म्हणाली आणि नळी डेन्झिलकडे सरकवली.

डेन्झिलने ती न पाहताच माझ्याकडे दिली. "गोड आहे," तो म्हणाला.

मी पाहिलं.

पोट काळं होतं. करडं, मळकट, पिंगट, यातलं काही नाही. घासून पुसलेल्या शेगडीसारखं काळं. साध्या कोल्हा-कोळ्याचं पोट असं नसतं, आणि तो आकाराने नळीतल्या या बाईच्या निम्मा भरतो. ही मोठा कोल्हा-कोळी होती. आमच्या काउंटीत तो कोणी पाहिल्याला इतका काळ लोटला होता की जुन्या मंडळींनी त्याचा शोध सोडून दिला होता. असा एक कोळी त्या उतारावर सापडला, तर तिथे मोटार सोडाच, कोणी बाबागाडीसुद्धा लावू शकणार नाही.

मी सँडविच काढलं आणि अख्खं तोंडात घातलं.

चावताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, हे वेरिटीच्या लक्षात आलं नव्हतं. बोललो तर कपाटं माझ्याकडे येणार. नोंद मी पक्की करणार, आणि मोटारतळाची सुनावणी वसंतात. तिथे उभं राहून शपथेवर सांगायलाही मीच, कारण आमच्याकडे कोळ्याची साक्ष नोंदणीकाराशिवाय कोणी देऊ शकत नाही. नंतर हा उतार, मग पलीकडचा, मग काउंटीतला प्रत्येक माणूस न्हाणीघरातला कोळी बरणीत घालून माझ्या दारात. न बोललो तर गाडी येणार, भांडी जाणार, खिडकीखाली समुद्र. आणि या बाईच्या बिळावर डांबर.

मी डेन्झिलला हेदरच्या आड गाठलं.

"पोट जरा काळं वाटलं नाही तुला?"

"मी पोटं बघत नाही," डेन्झिल म्हणाला.

"तू नळी हातात धरली होतीस."

"धरली होती. लायनेल, मी एकदा एवढंच म्हटलं होतं की कोणाला जमत नसेल तर बिस्किटं मी आणीन. त्या दिवसापासून मी चिटणीस आहे. माझ्या मुलीचं लग्न मंडळाच्या वार्षिक सभेच्या दिवशी होतं. मी सभेला होतो. आता सांग, पोट काळं आहे का?"

"मला काय कळतंय," मी म्हटलं. "मी टोळवाला."

"तेच म्हणतो मी."

प्रुडन्सने तर मला बोलूच दिलं नाही. "राजा, मला निवृत्त होऊन फार दिवस नाही झाले," ती म्हणाली. "माझ्याकडे बघू नकोस. तुझ्या दाढेत अंडं अडकलंय."

हेस्टर पोत्यावर बसून थर्मासमधला चहा पीत होती. नळी तिच्या मांडीवर होती. आत ती बाई झाकणाला पोट लावून तशीच दबलेली, सगळे पाय स्थिर. मला तिचा राग आला. माळभर वाळू पडली होती आणि तिला नेमकं कपातच पडायचं होतं.

मी हेस्टरशेजारी उकिडवा बसलो. एखादी गोष्ट न सांगता सांगण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. मी तो वारसा पणाला लावला.

"छान दिवस आहे," मी म्हटलं.

"आहे खरा."

"उजेड मात्र फसवा. धुक्यातला. अशा उजेडात रंग कळत नाहीत, नाही का?"

"मला कळतात," हेस्टर म्हणाली.

"नाही, म्हणजे तुम्हाला कळतातच. मी आपलं टोळांबद्दल म्हणत होतो. टोळ दुसऱ्यांदा पाहिला की कधी कधी वेगळाच दिसतो."

"असं?" तिने थर्मासचं झाकण पुसलं. "बाळा, तुला काही सांगायचंय का?"

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. ती मला बाळा म्हणते.

"नाही, सहज."

"मग हिला सोडून देते. उद्या कळवून टाकते, उतारावर काही नाही. बिचाऱ्या कुत्र्यांची सोय तरी होईल." आणि तिने दट्ट्या खाली ओढला. बाईने आठही पाय एकदम पसरले. हेस्टर झाकण काढू लागली. आटे होते त्याला. ती सावकाश फिरवत होती, इतकं सावकाश की मधल्या वेळात माणसाला दोनदा लग्न करून दोनदा पस्तावता आलं असतं. डेन्झिल आणि प्रुडन्स लांब उभे राहून एकाच झुडपाकडे पाहत होते. त्या झुडपावर काही नव्हतं.

"हेस्टर," मी म्हटलं, "तो साधा नाहीये. मोठा आहे. पोट बघा. तुमचं चुकलंय."

डेन्झिल आणि प्रुडन्सनी त्या झुडपावरून नजर काढली.

हेस्टरने दट्ट्या पुन्हा वर सारला. भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं, आणि पाहताना तिचा चेहरा हळूहळू सैल पडला, दिवसभर घट्ट बूट घालून आलेल्या माणसाने घरी बूट काढावेत तसा.

"खरंच की," ती म्हणाली. "चुकलंच माझं. डेन्झिल, ऐकलंस का? प्रुडन्स? माझं चुकलं म्हणतोय लायनेल. आणि तो बरोबर आहे."

दोघं धावत आली. डेन्झिलने माझा हात हातात घेऊन दाबला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. उतार वाचल्याचं असावं असं मी धरून चाललो.

"तुम्हाला माहीत होतं," मी हेस्टरला म्हटलं.

"कपात पाहिल्याबरोबर," ती म्हणाली. पोत्यावरून उठताना तिने माझा खांदा धरला, आणि तो मग सोडला नाही. "गेल्या वर्षी मी एका कोळ्याला मुंगी म्हटलं होतं, आठवतं? याच उतारावर. आठ पाय, लायनेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू म्हणालास, किती मोठी मुंगी. तेव्हाच मला कळलं की तुला कळतंय. ज्याला कळत नाही तो एवढी काळजी घेत नाही."

"आणि मी आज गप्प बसलो असतो तर? कळवलं असतंत उतारावर काही नाही म्हणून?"

हेस्टरने विचार केला. "नसतं कळवता आलं," ती म्हणाली. "घरी जाऊन खरं नाव लिहून पाठवलं असतं. नेहमी तसंच करते. मुंगीचंही केलं होतं. तेवढीच तर पंचाईत आहे, बाळा. तोंडाने वाटेल ते बोलता येतं. खोटं लिहवत नाही. लिहवलं असतं तर मी कधीच सुटले असते."

मग तिने पिशवीतून सफरचंदाचा केक काढला. अख्खा होता. वर बदामाचे काप लावलेले. असा केक कोणी साध्या रविवारी करत नाही.

घरी गेलो तेव्हा वेरिटी खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मी दारात उभा राहिलो आणि बूट काढले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीचं टोक दाताने तोडलं.

"केवढा होता?" तिने विचारलं.

मी बोटांनी दाखवलं.

"एवढ्यासाठी."

"पोट काळं होतं, वेरिटी."

"असेल." तिने पट्टी हाताने नीट बसवली. "सँडविच खाल्लं नाहीस?"

"खाल्लं. संपलं."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने खोकी दोन बाजूंना लावायला सुरुवात केली, तिची आणि माझी. केटली कोणत्या बाजूला ठेवायची यावर थोडी अडली, मग तिने ती माझ्या बाजूला ठेवली. ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

"नाही म्हणून सांगता येणार नाही का?" ती म्हणाली. "साधं नाही."

"मी म्हटलं तसं. म्हटलं, मला फार आवडलं असतं, पण."

"पण काय?"

"पणच्या पुढचं कोणी ऐकलं नाही."

वेरिटीने मान हलवली. तीही इथलीच आहे. पणच्या पुढचं तिनेही कधी कोणाचं ऐकलेलं नाही.

"मी जाते," ती म्हणाली. "तू मागून ये. रीत तुला माहीतच आहे. एखाद्या रविवारी चूक कर. कोणी दाखवली की स्ट्रॉमनेसची बोट पकड."

गाडी ठरल्या दिवशी आली आणि निम्मीच भरली. त्याच आठवड्यात कपाटं आली. घरमालकाने मला राहू दिलं. कोळ्यांचा माणूस जाणार नाही हे ऐकून त्याला बरं वाटलं, त्याच्या न्हाणीघरात एक होता. हेस्टर टॉर्कीला बहिणीशेजारी राहायला गेली. तिसऱ्या मजल्यावर. तिने कळवलं की ती आता टेबलाशी बसून जेवते. वसंतात मी सुनावणीत उभा राहिलो, काळ्या पोटाबद्दल बोललो, आणि दक्षिण उताराभोवती कुंपण पडलं. माळाच्या मालक-मंडळींनी हरूनही माझे आभार मानले. कुत्रीवाल्यांनी मला पाहून रस्ता ओलांडायला सुरुवात केली.

आणि दर रविवारी मी चुका करतो.

सुरुवात लहान चुकांनी केली. पट्टेवाल्याला ठिपकेवाला म्हटलं. मग धीर चेपला. डबक्यावरच्या तराफा-कोळ्याला घरातला कोळी म्हटलं. बागेतला क्रॉसवाला जाळं-कोळी, जो इथे शाळेतल्या पोरांनाही येतो, तो हातात धरून मी सगळ्यांना दाखवला आणि म्हटलं, हा मोठा कोल्हा-कोळी. डेन्झिल म्हणाला, "मला वाटलंच." प्रुडन्सने त्याचा फोटो काढला. मग मी घरी येतो, कपाटांच्या मधून वाट काढत टेबलाशी जातो आणि सगळी खरी नावं लिहून पाठवतो. न लिहिता झोपायचा प्रयत्न दोनदा करून पाहिला. उठून लिहावं लागलं.

वेरिटी रविवारी संध्याकाळी फोन करते. मागे समुद्र ऐकू येतो.

"कोणी बोललं का?"

"नाही. आज मी गोचिडीला कोळी म्हटलं."

"मग?"

"डेन्झिल म्हणाला, नीट बघितलं तर आहेच."

या मे महिन्यात एक नवी बाई आली. रोवेना स्क्विब, पूल गावच्या इस्पितळात क्ष-किरणांचे फोटो वाचते. सावल्यांतून भेग शोधण्यात तिचा दिवस जातो. पहिल्याच फेरीत तिने मी न पाहिलेला एक खेकडा-कोळी गॉर्सच्या फुलातून नखाने अलगद उचलला आणि हळूच पुन्हा ठेवला. मी हातातला फ्लास्क खाली ठेवला.

मी मुद्दाम तिच्याजवळ राहिलो. वाळूवर ऊन खात बसलेली एक मादी दिसली, पोटामागे अंड्यांची गोल पिशवी बांधलेली. लांडगा-कोळी, यात शंकेला जागाच नाही. पिशवी अशी ओढत दुसरं कोणी फिरत नाही. मी नळीत घेतली, दट्ट्या सारला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "उडी-कोळी."

रोवेनाने नळी घेतली. पाहिलं. भिंग मागितलं, पुन्हा पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उघडलं. मला समुद्र ऐकू आला, देवाशपथ.

"रोवेना," डेन्झिल म्हणाला. तो कधी शेजारी येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. "केक घे ना थोडा. ये इकडे, सावलीत ये."

तो तिला गॉर्सच्या आड घेऊन गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण फार वेळ लागला नाही. ती परत आली तेव्हा तिच्या हातात केकचा मोठा तुकडा होता आणि चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरीखुरी दया होती. तिने नळी दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिली.

"सॉरी, लायनेल," ती म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. मी मुख्यतः शेवाळं बघते." आणि गुडघे टेकून तिने एका कोरड्या ठणठणीत दगडाकडे बघायला सुरुवात केली.